आधी तुम्ही, मग मी

घरी केअरटेकर ठेवलाय असं कळलं की समोरचा पहिलं काय विचारतो, तर "कसा आहे माणूस?" आणि आपलं उत्तर पण ठरलेलं असतं. चांगला आहे, वेळेवर येतो, दांड्या मारत नाही, सारखा मोबाईलमध्ये नसतो, स्वच्छ आहे. बास. समोरचा म्हणतो नशीबवान आहात, आमच्याकडे तर असे असे नमुने आले होते, आणि मग गप्पा त्या नमुन्यांवर जातात. ज्याच्यासाठी माणूस ठेवलाय त्याची तब्येत विचारतात लोक, नाही असं नाही, पण तो अगदी वेगळा विषय असल्यासारखा. ही सेवा सुरू झाल्यापासून त्याच्या दिवसात नेमकं काय बदललं, असं दोन्ही जोडून विचारणारं मला तरी क्वचितच कोणी भेटलं.

केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांचं पण तेच. बाबांना स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि एका ब्युरोकडून दिवसाचा अटेंडंट सुरू केला, तेव्हापासून त्यांचे फीडबॅकचे फोन यायचे. अटेंडंट वेळेवर आला का, युनिफॉर्ममध्ये होता का, वागणूक कशी आहे, पाचपैकी किती स्टार द्याल. बाबांबद्दल एक प्रश्न नाही. आता हजेरी महत्त्वाची नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, सकाळी माणूसच आला नाही तर घरात काय होतं हे ज्यांच्याकडे अंथरुणावरचा पेशंट आहे त्यांना सांगायला नको. पण माणूस आल्यावर काय, ते तर पुढेच आहे सगळं. अमेरिकेत यासाठी २०१६ सालचा कायदाच आहे, सरकारी मेडिकेड योजनेतून ज्या घरगुती मदतीचे पैसे जातात तिची प्रत्येक व्हिजिट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवायची आणि त्यात सहा गोष्टी हव्यात, कोणती सेवा, कोणाला, कुठल्या तारखेला, कुठे, कोणी दिली आणि किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली. खोटी बिलं पकडायला उपयोग होत असेलही. पण या सहाही गोष्टी बिनचूक भरलेल्या असताना आतल्या माणसाचा दिवस भयंकर गेलेला असू शकतो आणि रेकॉर्डमध्ये त्याचा मागमूस नसतो.

आमच्याकडे सुरुवातीला जो अटेंडंट दादा होता तो कामाला वाघ. सकाळी आला की बघता बघता तोंड धुणं, दाढी, स्पंजिंग, कपडे, चादर बदलणं, सगळं चकाचक. बाबा केस विंचरून, पावडर लावून खुर्चीत बसलेले. येणारे जाणारे म्हणायचे किती छान ठेवलंय हो. तो सोडून गेला आणि बदलीवर दुसरा आला, तो बरोब्बर उलटा. हळू म्हणजे किती हळू. शर्ट घालायचा तर हा आधी शर्ट बाबांच्या मांडीवर ठेवणार, उजवी बाही मोकळी करून धरणार आणि म्हणणार, "काका, आधी तुम्ही, मग मी." मग बाबा डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलून बाहीत सरकवणार, मग हा मागून शर्ट खांद्यावर ओढून देणार, मग डावी बाही. (लुळी बाजू घालताना आधी आणि काढताना शेवटी, इतका साधा नियम आहे, पण पहिला दादा तोच लुळा हात धरून ओढायचा, आणि स्ट्रोकच्या पेशंटचा हात असा ओढत राहिलं तर खांदा सांध्यातून सरकू शकतो हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं.) आणि मग बटणं. बटणं म्हणजे तर एक अध्यायच, पहिलं बटण काजात जाईपर्यंत बघणाऱ्याचा जीव वरखाली, आणि दादा समोर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेला.

आत्या भेटायला आली होती, तिला हे बघवेना. बाहेर येऊन मला म्हणाली, "अगं, पैसे कशाचे देता याला? तो बिचारा बटणाशी झगडतोय आणि हा मख्खासारखा बघत बसलाय." आत्याचं तरी काय चुकलं, दारातून बघितलं तर तेच दिसतं. पहिला दादा काम करताना दिसायचा. दुसऱ्याचं काम दिसण्यासारखंच नव्हतं, कारण त्याचं काम होतं हात आवरून धरणं, आणि ते करताना बाबांचा तोल जातोय का, दम लागतोय का, वैतागून शर्ट फेकायच्या बेतात आहेत का यावर डोळे ठेवणं. ज्याने कधी कोणाची शुश्रूषा केलीय त्याला माहितीये की स्वतः पटकन करून टाकणं किती सोपं असतं.

फिजिओ मॅडम यायच्या, त्यांच्या फाईलमध्ये बार्थेल इंडेक्स नावाचा एक कागद असायचा. १९६५ साली फ्लोरेन्स माहोनी नावाच्या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल नावाच्या फिजिओथेरपिस्ट या दोघींनी तो छापला, आणि आज इतकी वर्षं झाली तरी स्ट्रोकच्या पेशंटसाठी तो जगभर वापरतात. दहा गोष्टी आणि एकूण १०० मार्क. जेवणं, अंघोळ, दाढी-केस-दात, कपडे, शौच आणि लघवीवर ताबा, टॉयलेटला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, चालणं, जिना. पलंग ते खुर्ची आणि चालणं याला १५-१५ मार्क, अंघोळीला फक्त ५. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा कागद कसा भरायचा याच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की पेशंट काय करू शकेल ते लिहायचं नाही, काय करतो ते लिहायचं. काल काय केलं, आज काय केलं. आता बघा, पहिल्या दादाच्या वेळी बाबांना कपड्यांचे मार्क शून्य, कारण ते कपडे घालतच नव्हते, त्यांना घातले जात होते. जमलं असतं की नसतं हा प्रश्न कोणी त्यांना पडूच दिला नव्हता. आणि घर मात्र खूश, ब्युरोच्या हिशोबात तर पाच स्टार.

हे नुसतं माझं निरीक्षण नाहीये. जेरी एव्हॉर्न आणि एलेन लँगर या दोघांनी १९८२ साली नर्सिंग होममधल्या वृद्धांवर एक छोटा प्रयोग छापला होता. जिगसॉ पझल लावायचं साधं काम. एका गटाला शेजारी बसलेला माणूस हाताने मदत करायचा, दुसऱ्या गटाला नुसतं तोंडाने प्रोत्साहन द्यायचा, तिसऱ्या गटाकडे कोणी गेलंच नाही. नंतर तपासलं तेव्हा प्रोत्साहनवाल्यांचं काम सुधारलेलं होतं, आणि ज्यांना मदत मिळाली होती त्यांचं आधीपेक्षा बिघडलेलं. ते घर नव्हतं नर्सिंग होम होतं, आणि पझल म्हणजे शर्ट नव्हे, हे मान्य. तरी आपल्या घरात आपण प्रेमाने काय काय करून टाकतो त्याची यादी आठवली की जरा गार पडायला होतं.

पण एक मिनिट, याचं दुसरं टोक पण बघितलंय मी. ओळखीतल्या एकांकडे मुलाने कुठेतरी वाचून आईचं सगळं तिलाच करायला लावायचा चंग बांधला, केअरटेकर बाईंना ताकीद की हात लावायचा नाही, आणि त्या माउलीची सकाळची सगळी ताकद दात घासून कपडे घालण्यातच संपायची, पुढे दिवसभर ग्लानी. हे कसलं स्वावलंबन! बाबांच्या बाबतीत त्या हळू दादाने (हळू हे आता मी कौतुकाने म्हणते) एक फार शहाणपणाची गोष्ट केली, त्याने बाबांनाच विचारलं की काका, तुम्हाला कुठलं स्वतः करायचंय. बाबांना शब्द सापडायला वेळ लागतो, हा थांबला. आणि जे बाहेर आलं ते आमच्यापैकी कोणालाच अपेक्षित नव्हतं. दाढी स्वतः करायची. टॉयलेटचं दार स्वतः लावायचं. अंघोळीचं मात्र त्यांना काही नव्हतं, घाला कोणी पण, तिथे दमायची त्यांची तयारी नव्हती. म्हणजे कुठे झगडायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांना हवा होता. दाढी-केस-दात मिळून बार्थेलच्या कागदावर पाचच मार्क आहेत, आणि दार स्वतः लावण्याला तर त्यात रकानाच नाही.

त्यामुळे मला वाटतं की घरी मिळणारी सेवा चांगली आहे की नाही हे बघायचं असेल तर आधी हे बघावं की या माणसाच्या दिवसातल्या किती गोष्टी त्याच्या म्हणण्याने होतात. उठायची वेळ कोणाची, त्याची की शिफ्टची? झोपायचं कधी? टीव्ही कोणाच्या आवडीचा लागतो (हे विचारून बघाच, बऱ्याच घरात याचं उत्तर फार बोलकं असतं)? ब्रिटनमध्ये केंट विद्यापीठातल्या लोकांनी ॲस्कॉट नावाची एक प्रश्नावली केली आहे, खास अशा सामाजिक सेवांसाठी, तिच्यात माणसाच्या जगण्याचे आठ भाग धरलेत. खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, सुरक्षितता, घराची स्वच्छता हे तर आहेतच, पण त्याबरोबर लोकांत मिसळणं, वेळ आपल्याला हवा तसा घालवणं, रोजच्या आयुष्यावर आपला ताबा असणं आणि सन्मान हे पण आहेत. सन्मानाचा प्रश्न त्यांनी छान घातलाय, तुम्हाला ज्या पद्धतीने मदत केली जाते त्याने तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं, असा. आता हा प्रश्न दाढी करून मिळालेल्या बाबांना आणि स्वतः दाढी केलेल्या बाबांना वेगवेगळा विचारला तर काय उत्तरं येतील?

याच प्रश्नावलीच्या मुलाखतीच्या प्रकारात अजून एक गोष्ट आहे जी मला फार पटली. आज कसं चाललंय हे विचारून झालं की विचारतात, ही सेवा नसती आणि तिच्या जागी दुसरं कोणीच आलं नसतं तर तुमचं काय झालं असतं? या दोन उत्तरांतलं अंतर म्हणजे सेवेने काय दिलं. हे का महत्त्वाचं, तर घरी सेवा घेणाऱ्या खूप लोकांचा आजार उताराचाच असतो. पार्किन्सन, डिमेन्शिया, कॅन्सरची शेवटची अवस्था. तिथे तुम्ही दर महिन्याला मार्क मोजले तर ते कमीच होत जाणार, केअरटेकर देवमाणूस असला तरी. अशा वेळी "काही फरक पडला नाही" असं घरचे म्हणतात ते ऐकून त्या केअरटेकर बाईंना काय वाटत असेल. फरक न पडणं हाच तिथे केवढा तरी फरक असतो! १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या कामांची सहा कलमी यादी केली, अंघोळ, कपडे, टॉयलेटला जाणं, उठणं-बसणं, मलमूत्रावरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्यांच्या असं लक्षात आलं होतं की हे साधारण एका क्रमाने जातं, अंघोळ सगळ्यात आधी सुटते आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी. म्हणून डिमेन्शियातल्या एखाद्या आजी अजून स्वतः चमचा तोंडापर्यंत नेत असतील, सांडत का होईना, आणि केअरटेकर बाई शेजारी नॅपकिन घेऊन बसल्या असतील, तर तिथे काय राखलं जातंय हे ओळखता यायला हवं. भरवलं तर लवकर होईल, कपडे खराब होणार नाहीत, आणि तो शेवटचा हात पण जाईल.

आता जे होत नाही त्याचं. बेडसोअर झाले नाहीत, पडणं झालं नाही, औषध चुकलं नाही, पुन्हा हॉस्पिटलला जावं लागलं नाही. चांगल्या सेवेचा हा मोठा भाग आहे आणि त्याचं कधीच कौतुक होत नाही, कारण न झालेली गोष्ट दिसणार कशी. बेडसोअरच्या बाबतीत मी पेशंटच्या घरच्यांना नेहमी सांगते की केअरटेकरला विचारा, माकडहाड, टाचा, कुल्ह्याची हाडं रोज बघता का आणि काय बघता. जिला येतं ती सांगेल की लाल झालेल्या जागेवर बोट दाबून बघायचं, दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, तसंच लाल राहिलं तर जखमेची सुरुवात. आणि सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून बघावं लागतं, जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक किंवा पिचपिचीत लागते का. हे एवढं उत्तर मिळालं तर त्या बाईंची बाकी परीक्षा घ्यायची गरज नाही असं माझं मत.

पडण्याचं मात्र त्रांगडं आहे. "आमच्याकडे एकही पेशंट पडलेला नाही" असं ब्युरोवाले अभिमानाने सांगतात तेव्हा माझे कान टवकारतात, कारण पेशंट पडू नये याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याला उठूच द्यायचं नाही. रेलिंग वर, डायपर लावलेला, बेल हाताशी, शून्य फॉल. आणि दोन महिन्यांनी मांड्यांचं मांस झडून माणूस खरंच उठायच्या लायकीचा राहत नाही. म्हणून पडण्याचा आकडा एकटा बघून काही उपयोग नाही, त्याच्या शेजारी उठण्याचा आकडा हवा. किती वेळा पडले आणि किती वेळा उभे राहिले. फिजिओ मॅडम अधूनमधून घड्याळ लावून बघायच्या, खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १९९१ पासून ही टेस्ट चालत आली आहे, याला खुर्ची आणि घड्याळ सोडून काही लागत नाही आणि कोणत्याही ब्युरोला महिन्यातून एकदा सहज करता येईल. बाबांच्या टॉयलेटच्या दाराचं पण असंच झालं, दार आतून लावणं म्हणजे धोका, आम्ही सगळे घाबरलो होतो. शेवटी दादानेच तोडगा काढला, कडी काढून टाकली, दार बाबा स्वतः ओढून घेणार, पूर्ण मिटणार, आणि हा बाहेर दाराला पाठ लावून उभा राहणार. धोका पूर्ण गेला का, नाही गेला. तो तेवढा धोका बाबांना मान्य होता, आणि टॉयलेट त्यांचं होतं.

समाधान विचारायच्या पद्धतीबद्दल पण बोलायलाच हवं, कारण सगळे रिव्ह्यू शेवटी त्यावरच चालतात. एक तर विचारतात कोणाला, तर जो पैसे भरतो त्याला, म्हणजे मुलगा किंवा मुलगी, जे बऱ्याचदा दिवसभर ऑफिसात असतात. आणि पेशंटला विचारलंच तर केअरटेकर शेजारी उभा. जो माणूस तुम्हाला थोड्या वेळाने टॉयलेटला नेणार आहे त्याच्या तोंडावर त्याची तक्रार कोण करेल? म्हातारी माणसं तशीही चांगलंच सांगतात, एक तर त्यांना ओझं व्हायचं नसतं, वर ही भीती की हा गेला आणि येणारा याच्याहून वाईट निघाला तर. त्यामुळे "समाधानी आहात का" याला "हो" हे उत्तर मी तर मोजतच नाही. त्यापेक्षा, केअरटेकर खाली गेलेला असताना, "काल दिवसभर काय केलंत?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. कालचा दिवस सांगताना माणूस काय सांगतो, त्यात कोण कोण येतं, क्रियापदं कोणाची असतात. "मला बसवलं, मला पुसलं, मला झोपवलं" आणि "मी गॅलरीत गेलो, मी पेपर बघितला", यात रिपोर्ट आहे सगळा. बाबांसारखं ज्यांचं बोलणं अडखळतं किंवा गेलेलंच आहे त्यांच्यासाठी थांबावं लागतं, चित्रं, बोटं, हो-नाही असं काहीतरी शोधावं लागतं, आणि डिमेन्शिया खूप पुढे गेलेला असेल तर शरीर वाचावं लागतं, हात लावला की माणूस आक्रसतो का, कपाळावर आठ्या येतात का, ठरावीक माणूस खोलीत आला की मान फिरवतो का. ती उत्तरंच आहेत.

चेहरे मोजा. घरात किती वेगवेगळी माणसं मदतीला आली, महिन्याचा हिशोब ठेवा. दर दोन दिवसांनी नवीन माणूस म्हणजे दर दोन दिवसांनी बाबांनी नव्या अनोळखी माणसासमोर कपडे काढायचे, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून कळायचं की डावा हात चालतो, चष्मा आधी द्यायचा, उजवीकडून बोललं तर लक्ष जात नाही. ब्युरोच्या लेखी बदली पाठवली म्हणजे सेवा खंडित झाली नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ साली होमकेअरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात अर्ध्या तासाहून छोट्या व्हिजिटसाठी अटी घातल्यात, आणि त्यातली पहिलीच अट अशी की येणारा माणूस पेशंटच्या ओळखीचा हवा. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ब्यूर्टझोर्ग ही संस्था तर यावरच उभी आहे, जास्तीत जास्त बारा जणांची नर्सेसची टीम, एका वस्तीची जबाबदारी त्यांची, वेळापत्रक त्यांचं, वर मॅनेजर नाही.

घरच्यांबद्दल थोडंच लिहिते कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आईची झोप, आईची कंबर, आईचं चिडणं हे पण सेवेच्या मार्कांत धरायला पाहिजे, त्यासाठी झारिट नावाची बावीस प्रश्नांची प्रश्नावली असते, तीत जितके मार्क जास्त तितका भार जास्त. फक्त एक लक्षात ठेवायचं की घरच्यांना हवं ते आणि पेशंटला हवं ते कायम एकच नसतं. आईला पहिला दादा आवडायचा, घर आटोपशीर राहायचं. दुसऱ्याच्या काळात बाथरूमची फरशी कायम ओली आणि सकाळ दुपारपर्यंत लांबलेली. तिचंही खरंच होतं. यावर सगळ्यांना पटेल असा तोडगा निघतो असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी दोन दिवस राहून बघावं.

आणि आता पैशाची गोष्ट, जी मला वाटतं या सगळ्याच्या मुळाशी आहे. ब्युरोला पैसे मिळतात तासांचे. बारा तास, चोवीस तास. म्हणजे अटेंडंटने काम इतकं चांगलं केलं की माणूस स्वतःचं स्वतः करायला लागला, तर ब्युरोचे तास कमी होणार. कोणता धंदा असं मोजमाप ठेवेल ज्यात यश म्हणजे गिऱ्हाईक कमी होणं? डेन्मार्कमध्ये जानेवारी २०१५ मध्ये कायद्याने असं केलं की कोणी घरच्या मदतीसाठी अर्ज केला तर नगरपालिकेने आधी हे तपासायचं की काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाने या माणसाला स्वतःला करता येईल का, आणि येत असेल तर ते प्रशिक्षण द्यायचं. तिथे पैसे सरकारचे, त्यामुळे तास कमी होण्यात सरकारचाच फायदा, म्हणजे तो पण धुतल्या तांदळाचा हिशोब नाही, मदत नाकारायला पण तोच कायदा वापरता येतो. पण निदान तिथे कोणाला तरी माणूस सावरण्यात रस आहे.

आमचंच सांगते. बाबा बऱ्यापैकी सावरले, दाढी त्यांची ते करतात (गळ्याखाली राहते थोडी, कोणी बोलायचं नाही), शर्ट घालतात, वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात, तेव्हा आम्ही ब्युरोला कळवलं की आता पूर्ण दिवस नको, सकाळचा अर्धा दिवस पुरे. कोऑर्डिनेटरचा लगेच फोन. "मॅडम, काही कम्प्लेंट आहे का स्टाफबद्दल? रिप्लेसमेंट पाठवू का?" नाही हो, कम्प्लेंट कसली, त्याच्यामुळेच गरज कमी झाली. "मग रीझन काय टाकू?" तिच्या स्क्रीनवर म्हणे चार कारणं होती, सेवेबद्दल तक्रार, आर्थिक कारण, पेशंट दुसरीकडे हलवला, पेशंटचं निधन. मी म्हटलं यातलं एकही नाही. मग तिने "इतर" टाकलं.

दादाचा त्या दिवसापासून अर्ध्या दिवसाचा पगार गेला. पहिला दादा, तो कामाला वाघ, तो अजूनही कुठेतरी पूर्ण दिवसावर असेल. याने आता दुपारसाठी दुसरं घर शोधलंय, तिथले पेशंट बाबांच्याहून अवघड आहेत म्हणाला, आणि घरच्यांना सगळं लवकर आटपायला हवं असतं.